टेबलाखालच्या चपला

दुपारी अडीचला मी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली की आमच्या कार्यालयात माणसं जागी होतात. जेवणानंतरच्या त्या वेळेला सगळ्यांच्या माना फायलींवर अशा झुकलेल्या असतात, की कोण वाचतंय आणि कोण पेंगतंय हे त्यांच्या घरच्यांनाही ओळखता येऊ नये. पण माझी खुर्ची मागे सरकली रे सरकली की माना वर होतात आणि कुणीतरी विचारतं, "काय, आज हाफ डे वाटतं?"

मी रोज अडीचलाच निघतो. विचारणाऱ्याला ते माहीत असतं. काल त्यानंच विचारलेलं असतं आणि उद्या विचारायची पाळी लेखा विभागातल्या बाईंची असते, एवढाच काय तो फरक. बाई सरळ विचारत नाहीत. "चैन आहे बाई एकेकाची," असं त्या खिडकीकडे बघून म्हणतात, म्हणजे चैन खिडकीची चालली आहे असं वाटावं. सुरुवातीला मी खुलासे करायचो. "मी सकाळी सहाला येतो हो," असं सांगायचो. त्यावर आस्थापना विभागाचे गृहस्थ मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे येतच असाल."

मी सहाला येतो हे वरच्या मजल्यावरच्या कुणीही पाहिलेलं नाही. पाहणार कसं? त्यासाठी सहाला यावं लागतं. टेम्पोचे ड्रायव्हर आणि दूध तपासणारी माणसं मला रोज बघतात, पण ती खालच्या मजल्यावरची. खालच्या मजल्याची साक्ष वर चालत नाही.

आमचा दूध संघ श्रीरामपूरपासून थोडा बाहेर, दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या रस्त्यावर आहे. गाई-म्हशी पहाटे दूध देतात आणि त्या बाबतीत त्यांनी आजवर कुठल्याही साहेबाचं ऐकलेलं नाही. देवळाली प्रवराच्या बाजूचा पहिला टेम्पो उजाडायच्या आत दारात उभा असतो. मग कॅन उतरवायचे, वजन, फॅट, नासलेलं दूध बाजूला काढणं, ते ज्याचं निघालं त्याच्याशी भांडण, आणि मग त्या सगळ्याचे आकडे बसवून पुढच्या टँकरची सोय लावणं. ह्या शेवटच्या कामाचा मी माणूस. साडेदहा-अकराला वरचा मजला भरायला लागतो तेव्हा माझं निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं. पण उरकलेलं काम कुणाला दिसत नाही. चाललेलं काम दिसतं, आणि संध्याकाळी चाललेलं काम तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं, कारण तेव्हा दिवे लागलेले असतात.

पहाटे मी वर जायचो तेव्हा एक गोष्ट मला नेहमी दिसायची. एखादा पंखा रात्रभर फिरत राहिलेला असायचा. आस्थापनावाल्यांच्या टेबलावर फाईल उघडी आणि फायलीवर चष्मा, दांड्या पसरून, जणू आत्ताच कुणी डोळे चोळायला काढून ठेवलाय. एका खुर्चीच्या पाठीवर तपकिरी स्वेटर, तोही ऐन मे महिन्यात. बाईंच्या टेबलावर त्यांची पर्स. मला वाईट वाटायचं. बिचारे इतक्या उशिरापर्यंत बसतात, इतके थकून जातात, की चष्मासुद्धा विसरतात, असं मी बायकोला सांगायचो. पंखा बंद करायचो आणि चष्म्याच्या दांड्या नीट मिटून ठेवायचो. भोळेपणाला काही सुमार असतो, तो मी ओलांडला होता.

बायको एसटीत कंडक्टर आहे. तिची ड्यूटी दुपारची. मी पावणेतीनच्या सुमाराला घरी पोचतो तेव्हा ती खाकी घालून, पाण्याची बाटली हातात घेऊन दारात उभी असते. "आई जेवलीय. गोळी दिलीय. गॅसचं बटण खालून बंद केलंय," एवढं सांगून ती चालायला लागते. कामाच्या दिवसांतला आमचा संसार हा एवढाच, दारातला. बाकीचा आम्ही तिच्या सुट्टीच्या दिवशी करतो.

आई म्हणजे तिची आई, माझ्या सासूबाई. कोपरगावकडच्या. सारा जन्म उसाच्या शेतात आणि मोठ्या खटल्यात गेलेला. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण कुठल्या वर्षी कुणाच्या बांधावरून भांडण झालं आणि त्यात कोण काय बोललं ते शब्दाशब्दानं आठवतं. त्यांना घरात एकटं ठेवता येत नाही. एकटं वाटलं की त्या चालायला लागतात. एकदा रेल्वे फाटकापर्यंत गेल्या होत्या आणि फाटकवाल्याला म्हणत होत्या, दार उघड की, गुरं पलीकडं राहिल्यात.

गल्लीला माझी ही दुपार पहिल्यापासून पचलेली नाही. चांगला धडधाकट पुरुष दुपारी तीनला मेथीची जुडी घेऊन घरी येतो म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? पहिल्या वर्षी मी सस्पेंड झालो असं ठरलं. दुसऱ्या वर्षी मी बायकोच्या पगारावर जगतो असं ठरलं. सासू जावयाच्या घरी राहते हे कळल्यावर तर लोकांना इतकं खाद्य मिळालं की बाकीच्या घरांतली भांडणं काही दिवस सुखानं चालली, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

मी घरात पाऊल टाकलं की सासूबाई कॉटवरून विचारतात, "जावईबापू, आज लवकर सुटलं व्हय?"

रोज विचारतात. प्रश्न तोच, कार्यालयातलाच. पण ह्यांना मी आल्याचं बरं वाटलेलं असतं, ते तोंडावर दिसतं. मग म्हणतात, "बसा. च्या ठिवते." गॅसजवळ त्यांना जाऊ द्यायचं नाही, म्हणून चहा मी करतो आणि कप त्यांच्या हातात देतो. एक घोट घेऊन त्या माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "जमलाय का?" मी म्हणतो, झकास जमलाय. माझ्या दिवसातलं एवढं एकच खोटं मी मनापासून बोलतो.

सकाळची मात्र पंचाईत व्हायची. मी पहाटेच गेलेलो. सासूबाई उठल्या की विचारायच्या, "घरात गडीमानूस न्हाई का?" आणि मला शोधायला दाराबाहेर निघायच्या. बायकोनं त्यावर तोडगा काढला. माझ्या जुन्या चामडी चपला, झिजलेल्या, अंगठा तुटून शिवलेल्या, तिनं कायमच्या उंबऱ्याजवळ ठेवल्या. "आहेत की घरात. त्या बघ चपला," असं ती म्हणायची. सासूबाई चपलांकडे बघायच्या, पदर सारखा करायच्या आणि गप्प बसायच्या. काय डोकं चाललं तुझं, असं मी बायकोला म्हणालो होतो. मला खरंच कौतुक वाटलं होतं.

हे सगळं असं लागून गेलेलं असताना कार्यालयात नवे साहेब आले.

पहिल्याच दिवशी साहेबांनी शिस्तीवर भाषण केलं. किती काम केलं यापेक्षा आपण संघाला किती वेळ देतो याला महत्त्व आहे, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हिशेब सोपा होता. साहेब साडेसहाच्या आत उठायचे नाहीत. साहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही ही आमच्याकडची जुनी चाल. साहेब उठले की नाही हे कळायला त्यांची पांढरी गाडी पुढच्या पोर्चमध्ये उभी असायची. आणि साहेब स्वतः का बसायचे? तर अध्यक्ष नगरहून परतताना कधी संध्याकाळी आमच्यावरून जायचे आणि काचेतून वर दिवे आहेत का बघायचे. अध्यक्ष आत येत नसत. दिवे बघून त्यांचं समाधान होत असे.

ह्या व्यवस्थेत अडीचला जिना उतरणारा माणूस म्हणजे डोळ्यात गेलेलं कुसळ. साहेब अकराला यायचे. त्यांनी मला कधी येताना पाहिलं नव्हतं, फक्त जाताना पाहिलं होतं. शिवाय मी जाताना "येतो हं" असं मोठ्यानं सांगून जायचो. चोरून जायची मला कधी गरज वाटली नाही, आणि तीच माझी चूक होती असं पुढं कळलं.

एके दिवशी आस्थापनावाले माझ्या टेबलाशी आले. हे गृहस्थ वाईट बातमी फार आपुलकीनं सांगतात.

"साहेबांच्या मनात सगळ्यांना एकच वेळ करायचं आहे," ते म्हणाले. "साडेदहा ते साडेसहा. तुमचंही त्यातच आलं."

"आणि पहाटेचं दूध?"

"दुधाचं बघू काहीतरी," ते म्हणाले. दूध संघात दुधाबद्दल इतकं बेफिकीर वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला दुधाची काळजी नव्हती. दूध कुणीतरी उतरवून घेतलंच असतं. माझी दुपार गेली तर काय होणार, हे मला दिसत होतं. बायकोला सकाळची ड्यूटी मिळणार नव्हती, ती मागून विचारून दमली होती. तिनं नोकरी सोडायची, नाहीतर सासूबाईंना कोपरगावला थोरल्या मेहुण्याकडे पाठवायचं. मेहुणा माणूस वाईट नाही. नवरा-बायको दोघं दिवसभर शेतात असतात. त्यानं मागंच मोकळेपणानं सांगितलं होतं, "द्या लावून हिकडं. वरची खोली रिकामीच हाय. भायेरून कडी घातली म्हंजी घोर न्हाई." तेव्हापासून ती कडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ज्या बाईनं सारा जन्म उघड्या रानात काढला तिला आम्ही कडी घालणार, आणि तेही कशासाठी, तर मी अडीच ते साडेसहा एका खुर्चीत दिसावा म्हणून.

दोन-चार दिवसांनी आस्थापनावाले पुन्हा आले. "सोमवारी मीटिंग आहे. विषय तुमचाच. साडेचारला. थांबाल ना?"

अडीचला जाणाऱ्या माणसाची चौकशी साडेचारला ठेवायची हे ज्याला सुचलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. मी नाही थांबलो, तर ह्याला लवकर जायची सवयच आहे, हे तिथंच सिद्ध होणार होतं.

सोमवारी बायकोला सुट्टी मिळाली नाही. समोरच्या काकू आमच्याकडे बसायला तयार झाल्या. निघताना बायकोनं आईला चपला दाखवल्या आणि सांगितलं, "हे आलेत. आत झोपलेत. उठवू नकोस." मला फोनवर तिनं हे सांगितलं आणि आम्ही दोघंही त्या हुशारीवर हसलो.

आणि मी थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या वरच्या मजल्याची दुपार पाहिली.

तीन वाजले तसे लेखा विभागातल्या बाई उठल्या. पर्स टेबलावरच राहिली. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या. मग वितरण विभागातला माणूस उठला, खुर्चीच्या पाठीवर तपकिरी स्वेटर टाकून. आस्थापनावाल्यांनी मात्र घाई केली नाही. त्यांनी एक जाडजूड फाईल उघडली, मधलं पान काढलं, चष्मा उतरवून दांड्या पसरून त्या पानावर ठेवला, एक पाऊल मागे सरकून बघितलं, परत येऊन चष्मा थोडा तिरका केला आणि वरच्या खिशातून दुसरा चष्मा काढून डोळ्यांवर चढवत निघून गेले. त्यांना दोन चष्मे होते. एक बघायला आणि एक दाखवायला. मी तिथं बसलेला दिसलो तरी त्यांना काही वाटलं नाही. मीही आता त्यांच्यातलाच झालो असं त्यांनी धरलं असावं.

चार वाजता वर मी, आमचा शिपाई आणि सामान. प्रत्येक टेबलाशी कुणीतरी होतं आणि कुणीच नव्हतं. पंखे फिरत होते. साहेबांच्या केबिनमध्ये एसी चालू होता, काचेतून दिवा दिसत होता, खाली पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी होती. मी दार ढकलून आत डोकावलो. साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल होता आणि टेबलावर अर्धा चहा, त्यावर साय धरलेली.

"साहेब कुठं गेले?" मी शिपायाला विचारलं.

"साहेब रानात गेल्यात की," तो स्टुलावरूनच म्हणाला. "देवळालीकडं रान घेतलंय न्हाई का त्यांनी. ठिबकचं काम चाललंय. मागल्या गेटनी जात्यात, मोटरसायकलवर, वितरणवाल्याच्या मागं बसून."

"आणि गाडी?"

"गाडी हितंच ऱ्हाती. गाडी हाय म्हंजी साहेब हायेत."

बाकीच्यांचाही पत्ता त्यानं असाच सहज सांगितला. आस्थापनावाले मुलीच्या नावावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. बाई घरी, आडव्या झालेल्या. टेबलावरची पर्स रिकामी असते, खरी त्या घेऊन जातात. मी विचारलं, मग लोक थेट घरी का जात नाहीत, साडेसहाला परत कशाला येतात?

"आवं, जायला येत्यात," तो म्हणाला. "जाताना दिसाय नगं का मानूस? तुमी कधी थांबलाच न्हाई, तुमाला कसं ठावं आसनार." मग जरा बेतानं म्हणाला, "बसताय न्हवं तुमी? मी जरा बाजारात जाऊन येतो." आणि स्टुलावर आपली टोपी ठेवून तोही गेला.

मी त्या सगळ्या सामानात एकटा बसून राहिलो. राग आला होता, पण हसूही येत होतं. इतकी वर्षं ही माणसं मला लवकर जाणारा म्हणत होती आणि मी अडीचला जिना उतरायचो तेव्हा त्यांच्या पोटात दुखायचं ते माझ्या जाण्यानं नव्हे. मी आठ तास बसून, पिशवी खांद्याला लावून, दारानं जातो, याचं त्यांना दुखत होतं. साडेचार वाजले. माझी मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली. मी चष्म्याकडे बघितलं, चष्म्यानं माझ्याकडे बघितलं. घरी फोन केला तर काकू म्हणाल्या, "निवांत बसल्यात, टीव्ही बघत्यात."

पावणेसहापासून माणसं उगवायला लागली. कुणी मला बघून दचकलं नाही की कुणी मीटिंगचा विषय काढला नाही. बाईंच्या केसांना तेल लागलेलं होतं. आस्थापनावाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा खिशात टाकला, टेबलावरचा चढवला आणि मोठ्या थकव्यानं फाईल बंद केली. सहा वाजता मागच्या जिन्यानं साहेब आले. बुटांना ओली काळी माती होती. केबिनमध्ये शिरल्यावर त्यांनी पुढच्या दारानं बाहेर डोकावून आम्हाला बोलावलं, म्हणजे ते दुपारपासून तिथंच बसून कंटाळले होते अशा आवाजात. फोन बंद करून एका ताटलीत ठेवायचे, ही त्यांची शिस्त. मी माझा ठेवला.

साहेब म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. टँकर वेळेवर जातात. प्रश्न खुर्चीचा आहे."

"खुर्चीचा?"

"खुर्ची रिकामी दिसते हो तुमची. अडीचनंतर अगदी उघडी पडते. अध्यक्ष एखाद्या दिवशी वर आले तर मी त्यांना काय सांगायचं?"

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी फक्त त्यांच्या बुटांकडे बघितलं. त्यांनीही खाली बघितलं आणि पाय टेबलाखाली ओढून घेतले. मग आस्थापनावाले खाकरले आणि म्हणाले, "साहेब, त्यांनी काहीतरी ठेवलं तर?"

"हां," साहेबांना एकदम हायसं वाटलं. "काहीतरी ठेवत जा ना. स्वेटर ठेवा, पिशवी ठेवा. माणूस असल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढंच. मग तुम्ही सहाला या, अडीचला जा, माझं काही म्हणणं नाही. आणि ते मोठ्यानं 'येतो' म्हणणं तेवढं बंद करा. इतरांवर परिणाम होतो."

मी कबूल केलं. आभारही मानले. इथं मी बाणेदार उत्तर दिलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण माझ्या डोळ्यांपुढची कडी नाहीशी झाली होती आणि त्या क्षणी त्यांनी मला खुर्चीवर नारळ ठेवून पूजा करायला सांगितली असती तरी मी केली असती. मीटिंग संपली. सगळे रांगेनं जायला निघाले, ज्यासाठी आले होते ते; आस्थापनावाल्यांनी जाताना फाईल उघडून चष्मा परत तिच्यावर ठेवला. मी ताटलीतला फोन उचलून चालू केला.

काकूंचे एकामागून एक फोन येऊन गेले होते. मी लावला तर त्या रडत होत्या. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून त्या मिनिटभर स्वतःच्या घरी गेल्या होत्या आणि परत आल्या तर सासूबाई नाहीत.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. हंगामात संध्याकाळी त्या रस्त्यानं येणं म्हणजे शिक्षा. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वर डोंगराएवढा ऊस, ड्रायव्हरनं गाणी लावलेली, बाजूनं वाट नाही. मी त्याच्या मागं गाडीवर बसून अक्षरशः रडकुंडीला आलो होतो. फाटकावरून रेल्वे जायची वेळ झाली होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आधी फाटकावर गेलो. तिथं त्या नव्हत्या. फाटकवाल्यानं कुणी म्हातारी पाहिली नव्हती.

त्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होत्या. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसल्या होत्या, गिरणी बंद, भोवती बायका जमलेल्या. कुणी हाताला धरलं की त्या हात झटकत होत्या. मी जाताना रोज त्या कोपऱ्यावरूनच वळतो. पायांत माझ्या जुन्या चपला होत्या, त्यांच्या पायांना कितीतरी मोठ्या, आणि डाव्या पायाचं बोट ठेच लागून फुटलं होतं.

मी समोर उकिडवा बसलो. म्हणालो, "आई, चला घरी."

त्यांनी मला नीट निरखून बघितलं. त्या चिडल्या होत्या.

"ती म्हनली, जावई आलंय, आत झोपलंय, चपला बघ," त्या म्हणाल्या. "म्या आत जाऊन बघितलं. खाट रिकामी. मोरीत बघितलं. परत परत बघितलं. नुसत्या चपला हायेत अन् मानूस न्हाई." आणि चपला माझ्याकडे सरकवल्या. "ह्या घ्या. मला नगं फसवत जाऊ."

त्यांना अनवाणी कसं चालू द्यायचं? माझ्या पायांतले सँडल मी त्यांना घातले आणि जुन्या चपला स्वतः घातल्या. गल्लीतून आम्ही दोघं तसे चालत आलो. बायका बघत होत्या. त्या दिवशी मला लाज वाटत होती, पण ती बायकांची नव्हती. दुपारी फोनवर मी ज्याला हसलो होतो त्याची लाज होती.

बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं आईच्या फुटलेल्या बोटाला हळद लावली. मग उठली, उंबऱ्याजवळच्या चपला उचलल्या आणि माझ्या डब्याच्या पिशवीशेजारी आणून ठेवल्या. "ह्या घेऊन जा," ती म्हणाली. "इथं आता चालायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी त्या घेऊन गेलो. अडीच वाजता टेबलाखाली ठेवल्या, एक थोडी पुढं, एक थोडी मागं, बसलेल्या माणसाच्या असाव्यात तशा. फाईल उघडली, खुर्ची जरा तिरकी केली. आस्थापनावाले जागेवरून बघत होते. ते उठून आले, वाकले, डावी चप्पल बोटानं थोडी आत वळवली आणि म्हणाले, "आता बघा." मी न बोलता जिना उतरलो. कुणाची मान वर झाली नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. मला कुणी हाफ डे विचारत नाही. परवा बाई खिडकीकडे न बघता मला म्हणाल्या, "हल्ली फार वेळ बसता हो तुम्ही, तब्येतीला जपा." वार्षिक बैठकीत साहेबांनी संघाला वेळ देणाऱ्यांत माझा उल्लेख केला. तो मला इतरांकडून कळला, कारण बैठक चारला होती. पहाटे मी वर जातो तेव्हा आधी सगळ्यांचे पंखे बंद करतो आणि मग माझ्या चपलांवरची धूळ झटकतो. झाडणारी बाई त्यांना हात लावत नाही, कुणीतरी बसलेलं आहे असं समजून भोवतीनं झाडते.

घरी उंबऱ्याजवळ आता काही नसतं. सकाळी सासूबाईंनी विचारलं तर बायको खरं सांगते, ते कामाला गेलेत, दुपारी येतील. त्या कुरकुरतात, दारापर्यंत जातात, कधी रडतात. त्याला इलाज नाही. दुपारी मी आत पाऊल टाकतो तेव्हा त्या आधी जवळ बोलावतात आणि माझं मनगट धरून बघतात, दाबून, नीट. मग विचारतात, "आज लवकर सुटलं व्हय?"

मी म्हणतो, "हो, आई. आज लवकर सुटलं."